खानापूरच्या पुढचे आठ किलोमीटर

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही म्हणाल, सगळेच असं म्हणतात. म्हणा. मला कुणाला पटवायची हौस नाही. ज्याच्यावर ही वेळ आली त्यानं मला ती तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

तो म्हणजे श्रीनिवास, माझा आतेभाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आम्ही दोघं कसबा पेठेत वाढलो. लग्नानंतर तो कर्वेनगरला एका सोसायटीत राहायला गेला. भोसरीच्या कारखान्यात तो क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामात केसाएवढ्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. घरीही तसाच. पोळीचा व्यास तेवढा मोजत नसे.

दिवस, गेल्याच्या आधीच्या डिसेंबरातला दुसरा रविवार. वेळ, पहाटे सहा ते साडेसहा. जागा, खडकवासल्याहून पानशेतला जाणारा रस्ता, खानापूर सोडल्यावर.

सुरुची ही श्रीनिवासची एकुलती एक मुलगी. चोवीस वर्षांची. पन्नाशीला डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला तेव्हा श्रीनिवासनं सायकल घेतली. बापाची टिंगल करायला म्हणून सुरुची एक दिवस बरोबर गेली आणि तीच अडकली. पुढं दोघांनी शंभर केले, दोनशे केले. आता जानेवारीत तीनशे किलोमीटरची राइड होती. वीस तासांच्या आत परत यायचं. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत पोचलात की एक पदक, आणि पुढं आठवडाभर जिना उतरताना कळवळायचं.

त्यासाठी श्रीनिवासनं बारा आठवड्यांचा तक्ता केला होता. फ्रिजवर चिकटवलेला. कुठल्या दिवशी किती किलोमीटर, किती चढ, केळं कितव्या तासाला, राजगिऱ्याचा लाडू कितव्या.

"बाबा, ह्यात श्वास कधी घ्यायचा ते लिहायचं राहिलंय," सुरुची म्हणाली.

त्यानं ते खरंच मनावर घेतलं आणि उताराच्या रकान्यात 'दीर्घ श्वसन' असं लिहून टाकलं. ती हसून हसून खाली बसली होती.

आता एक नियम सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे.

लांबच्या राइडला पुढचा माणूस वारा कापतो आणि मागचा त्याच्या आडोशानं चालवतो. दोन चाकांत हातभर अंतर. अशा वेळी पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की हँडल वळतं, आणि मागचा येऊन आदळतो. म्हणून बघायचं नाही, विचारायचं. श्रीनिवासच्या हँडलवरचं मीटर दर किलोमीटरला एकदा वाजायचं. ते वाजलं की तो समोर बघतच विचारायचा, "आहे?"

मागून सुरुची म्हणायची, "आहे."

सरळ क्वचितच म्हणायची. कधी "आऽऽहे", कधी "आहे हो साहेब". चढावर तर "आहे, दुर्दैवानं".

त्या शुक्रवारी तिला ताप होता. शनिवारी उतरला. श्यामला, म्हणजे तिची आई, म्हणाली, "हा एक रविवार राहू दे. पोरीचे डोळे बघा जरा."

श्रीनिवासनं तक्ता बघितला.

"ऐंशीच तर आहेत. हळू जाऊ."

सुरुचीनं आपल्या हातानं बुटाच्या नाड्या बांधल्या, छातीला ठोके मोजायचा पट्टा बांधला आणि आईच्या गालाला थंडगार हात लावून पळाली. हे मी मुद्दाम सांगतो. तिला कुणी ओढून नेलं नव्हतं. पण श्रीनिवास अजून म्हणतो की त्यानंच नेलं.

पावणेपाचला दोघं निघाली.

धरणापर्यंत सगळं नेहमीसारखं. डोणज्याच्या फाट्यानंतर धुकं लागलं. उजव्या हाताला पाणी, आणि पाण्यावरून धुकं सरळ रस्त्यावर चढलेलं. सुरुचीच्या दिव्याचा उजेड मागून येत होता, त्यामुळं श्रीनिवासला स्वतःची सावली पुढं डांबरावर हलताना दिसत होती. सुरुची खोकत होती. दर दोन मिनिटांनी एकदा, कोरडा खोकला.

"थंडी वाजतेय," ती मागून म्हणाली.

"पेडल मार, जाईल."

बापाचं हे बोलणं. पुण्याचं बोलणं. आत माया असते, पण बाहेर येताना अशीच येते.

सहाला खानापूर गेलं.

"आहे?"

"आहे, बाबा."

गाव संपल्यावर एक वळण आहे. तिथं कुणाच्या तरी ट्रकमधून खडी सांडली होती. श्रीनिवासचं चाक किंचित सरकलं. त्यानं हँडल आवरलं आणि ओरडला, "खडी!"

मागं काहीतरी झालं.

मोठा आवाज नाही. भरलेलं पोतं कुणी हळूच खाली ठेवावं, तेवढाच.

मीटर वाजलं नव्हतं, तरी त्यानं विचारलं, "आहे?"

क्षणभर काहीच नाही…

मग उत्तर आलं.

"आहे."

म्हणून त्यानं वळून बघितलं नाही.

पुढचा किलोमीटर. मीटर वाजलं.

"आहे?"

"आहे."

काहीतरी वेगळं होतं. काय ते त्याला लगेच कळेना. मग कळलं… खोकला थांबला होता. श्रीनिवासला बरं वाटलं. अंग तापलं की खोकला सुटतो, असं तो स्वतःशीच म्हणाला.

दुसरा किलोमीटर. "आहे?" "आहे."

आता त्याच्या लक्षात आलं की पुढं रस्त्यावर त्याची सावली नाही. फक्त स्वतःच्या दिव्याचा गोल. मागचा उजेड गेला होता. बॅटरी संपली असेल, काल चार्जिंगला लावली नसेल. घरी गेल्यावर ह्यावर दोन शब्द ऐकवायचे असं त्यानं ठरवलं.

तिसरा. चौथा.

एक उतार लागला. उतारावर पाय थांबतात आणि सायकलचं मागचं चाक टिकटिकत राहतं. सुरुचीच्या चाकाची टिकटिक जरा जास्तच मोठी होती. सोसायटीत शिरली की तिसऱ्या मजल्यावर श्यामलाला कळायचं.

श्रीनिवासनं पाय थांबवले. टिकटिक एकाच चाकाची येत होती…

त्याच्या स्वतःच्या.

मीटर वाजलं.

"आहे?"

"आहे."

ह्या वेळी आवाज फार जवळून आला. मागच्या सायकलवरून यावा तसा नाही. मानेच्या अगदी मागून. आणि त्यात दम नव्हता. वीसच्या वेगानं सायकल मारणारा माणूस एवढं संथ बोलू शकत नाही.

लहानपणी आम्हाला सांगायचे, रानातल्या वाटेला मागून आवाज आला तर वळून बघू नये. श्रीनिवास ह्या गोष्टींना हसायचा. पण तो म्हणतो, त्या उतारावर त्याच्या मानेवर काटा आला आणि तो आला म्हणून त्याला स्वतःचीच लाज वाटली. आपलीच मुलगी मागं, आणि आपण घाबरतोय.

सहावा किलोमीटर. एका वस्तीपाशी तीन कुत्री भुंकत अंगावर धावली. त्याच्या टाचेपर्यंत आली. मग त्यांनी त्याच्या मागं बघितलं…

आणि गप्प झाली. शेपट्या आत घालून रस्त्याच्या कडेला बसली.

सातवा. "आहे?" "आहे."

आठवा.

"आहे?"

"आहे."

ह्या वेळी ते जरा उशिरा आलं. आणि फार दमलेलं होतं.

तिथून जवळच पोपटची टपरी होती. श्रीनिवास जाताना कधी थांबत नसे. तक्त्यात चहा पानशेतला होता, त्याआधी नाही. सुरुची दर वेळी म्हणायची, बाबा, पोपटदादाकडं थांबू ना. तो दर वेळी म्हणायचा, परत येताना. त्या दिवशी तो दमलेला आवाज ऐकून त्याला गलबलून आलं. पोर तापातून उठलीय, एक चहा पाजला तर काय आभाळ कोसळणार आहे. त्यानं ब्रेक दाबला, एक पाय जमिनीला टेकवला आणि हसून मागं वळला.

"सुरुची, चहा घेतेस ना?"

मागं रस्ता होता आणि धुकं होतं.

टपरीच्या मागं गेली असेल, असं त्याला वाटलं. मुलींना अडचण असते. त्यानं दोन चहा सांगितले. पोपटनं दोन ग्लास भरले.

"पोरगी कुठं गेली?" श्रीनिवासनं विचारलं.

"आत्ता तर व्हती की तुमच्या मागं," पोपट म्हणाला. "बिनदिव्याची सायकल. म्या म्हनलं, सायेब इतकं कडक आन् पोरीला दिवा न्हाई."

दोन मिनिटं गेली. चार गेली. दुसऱ्या ग्लासातल्या चहावर साय धरली. त्यानं टपरीच्या मागं जाऊन बघितलं. मग तिला फोन लावला.

फोन उचलला गेला. आवाज पुरुषाचा होता.

"काका, मी उत्तरेश्वर बोलतोय."

उत्तरेश्वर त्यांच्या सायकल ग्रुपमधला. नांदेडकडचा, हिंजवडीला आयटीत असलेला. तोही चौघांबरोबर त्याच रस्त्यानं मागून येत होता.

"काका, सुरुची पडलीय. खानापूरच्या वळणावर, खडीपाशी. तुम्ही लगेच या."

"शक्य नाही," श्रीनिवास म्हणाला. "ती माझ्याबरोबर आहे. आत्ता बोलली ती."



ते आठ किलोमीटर तो कसा परत आला ते त्याला आठवत नाही. ती रस्त्याच्या खालच्या चरात कुशीवर निजल्यासारखी होती. हेल्मेट शाबूत. चेहऱ्यावर ओरखडा नाही. हँडलचं टोक पोटात बसलं होतं आणि आत प्लीहा फुटली होती. उत्तरेश्वरच्या गटात डॉक्टर तनुजा होत्या. त्यांनी हाताला लागेल ते सगळं केलं होतं. नंतर सगळ्यांनी विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अंग गरम होतं. पाच मिनिटं आधी पोचलो असतो तर काहीतरी करता आलं असतं."

दवाखान्यात सांगितलं की पडल्यावर लगेच गेलेली नाही. वीस-पंचवीस मिनिटं होती.

श्यामला रडली नाही. तिनं सुरुचीच्या बुटांच्या नाड्या सोडवल्या, बूट धुतले आणि गॅलरीत उन्हाला ठेवले. मग श्रीनिवाससमोर येऊन बसली.

"वळून का नाही बघितलंत?"

"ती उत्तर देत होती गं."

"चरात पडलेली पोर उत्तर देत होती?"

"देत होती. दर किलोमीटरला."

श्यामला त्याच्याकडे बघत राहिली. नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलावं आणि तेही असं, अशा नजरेनं.

त्यानं पोपटचं सांगितलं. ती म्हणाली, चहावाल्याची साक्ष काढताय. 

त्यानंतर वर्षभर त्या घरात भाजी काय, दूधवाला आला का, एवढंच बोलणं. आणि मधेच कधी, पानावर बसल्यावर, कपडे वाळत घालताना, तोच प्रश्न. वळून का नाही बघितलंत. ती ओरडून विचारत नसे. वेळ विचारावी तसं विचारायची. मी एकदा तिथं होतो तेव्हा श्रीनिवासनं घास खाली ठेवला आणि हात धुवायला उठला. माझ्या भावाला मी इतकं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं.

पोलिसांकडून सुरुचीचं सामान आलं होतं. त्यात तिच्या हँडलवरचं मीटर होतं. छातीचा पट्टा ठोके मोजतो आणि मीटर ते लिहून ठेवतं, सेकंदासेकंदाला. श्रीनिवासनं ते कपाटात ठेवून दिलं. त्याला एकच गोष्ट हवी होती. दवाखान्याचा अंदाज चुकलेला असावा. पडल्याक्षणी सगळं थांबलेलं असावं. म्हणजे तिला काही कळलं नसेल, ती एकटी पडून वाट बघत नसेल. आणि मागून उत्तर देत होती ती तीच असेल, बापाला सोडवत नव्हतं म्हणून आलेली. हे असं असेल तर तो जगू शकणार होता. नसेल तर काय, ह्याची त्याला इतकी भीती होती की वर्षभर त्यानं मीटर उघडलं नाही.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या रविवारी दुपारी त्यानं उत्तरेश्वरला बोलावलं. श्यामला आतून आली आणि खुर्चीत बसली.

उत्तरेश्वरनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन रेषा आल्या. एक वेगाची, एक ठोक्यांची.

सहा वाजून चार मिनिटांनी वेगाची रेषा खाली येऊन जमिनीला टेकली.

ठोक्यांची टेकली नव्हती.

ती पुढं जात होती. हळूहळू मंदावत, पण जात होती. श्रीनिवासनं डोळे मिटून घेतले. म्हणजे ती होती. तो पुढं निघून गेला तेव्हा ती होती.

"काका," उत्तरेश्वर म्हणाला, "हे काय आहे?"

रेषेवर मधेच एक टोक वर आलं होतं. पडल्यानंतर लगेचच. मग थोडी सपाट, मग आणखी एक टोक. मग आणखी.

उत्तरेश्वरनं टोकांमधली अंतरं मोजली. मग म्हणाला, "काका, तुमचं मीटर द्या."

त्या दिवसापासून श्रीनिवासची सायकल जिन्याखाली होती. मीटर काढून आणलं. उत्तरेश्वरनं त्यातली नोंद त्या रेषेखाली लावली. पडल्यानंतर श्रीनिवासचं मीटर कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला वाजलं, ते.

पहिलं टोक खडीपाशी, मीटर न वाजताच त्यानं विचारलं तेव्हाचं. पुढची आठ टोकं मीटर वाजल्यावर तीन-तीन सेकंदांनी. एक किलोमीटरवरून, चार किलोमीटरवरून, आठ किलोमीटरवरून. दर वेळी तो "आहे?" म्हणाला आणि दर वेळी चरात पडलेल्या त्या पोरीचं काळीज उसळून वर आलं होतं.

शेवटचं टोक सगळ्यात लहान होतं.

उत्तरेश्वर पट्ट्याविषयी बोलायला लागला. घाम सुकला की आकडे उड्या मारतात, कधी दुसऱ्याच कशाचा सिग्नल पकडतो. बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकवेना. तो थांबला.

श्यामला उठून पडद्याजवळ आली होती. तिनं एकेका टोकावर बोट ठेवलं. नऊ. वर्षभर ज्या माणसाला तिनं खोटारडा ठरवलं त्याच्याकडे बघून तिला प्रथमच रडू फुटलं.

मग तिचं बोट पुढं सरकलं.

शेवटच्या टोकानंतर रेषा थोडी गेली आणि संपली. सहा वाजून अठ्ठावीस मिनिटं.

"उत्तरेश्वर, तुम्ही तिच्यापाशी किती वाजता पोचलात?"

"सहा तेहतीस, काकू."

पाच मिनिटं. श्रीनिवासच्या वेगानं आणखी दोन किलोमीटरसुद्धा नाहीत.

"आणि हे टपरीपाशी कितीला थांबले?"

उत्तरेश्वरनं दुसऱ्या नोंदीकडे बघितलं. दोन्ही आकडे एकाखाली एक दिसत होते, आणि ते एकच होते.

तिनं डोळे पुसले. खुर्ची ओढून नवऱ्याच्या समोर बसली, त्याचे दोन्ही हात हातात घेतले. किती दिवसांनी. आणि अगदी हळू, त्याला दुखू नये अशा आवाजात विचारलं,

"अहो, मग वळून का बघितलंत?"

श्रीनिवासला खोटं बोलता येत नाही.

"तिला चहा हवा का ते विचारायला," तो म्हणाला.

एवढंच मला माहीत आहे.

त्याच्यामागं आठ किलोमीटर कोण होतं, मला सांगता येत नाही. सुरुची म्हणावी तर ती त्या वेळी जिवंत होती, खानापूरच्या चरात. दुसरं कुणी म्हणावं तर त्यानं श्रीनिवासला फसवून पुढं नेलं, की पोरीला तेवढा वेळ धरून ठेवलं, हेही कळत नाही. तो खडीपाशीच वळला असता तर ती वाचली असती, की तिथंच गेली असती?

श्यामलानं हे मला विचारलं. गेल्या महिन्यात, फोनवर, स्वच्छ शब्दांत. म्हणाली, तुम्ही मोठे आहात, तुम्ही सांगा.

मी म्हणालो, नंतर बोलतो.

अजून फोन केलेला नाही.